सतरा नंबरची चिठ्ठी

रुओकोवारा गावात कुणाच्या माळ्यावर, कुणा मेलेल्या काकाच्या ट्रंकेत जुनी लष्करी काडतुसं सापडली की ती साइमी टिक्कलाच्या स्वयंपाकघरात यायची. म्हातारी चष्मा चढवायची, एकेक काडतूस अंगठ्याखाली फिरवायची आणि बहुतेक वेळा एकच निकाल द्यायची : "टाकून द्या." त्यावरून गावाने तिचं नावच 'टाकून-द्या साइमी' पाडलं होतं. शिकारी मंडळात असा एक गडी नव्हता जो तिच्या टेबलावरून तोंड पाडून परत गेला नसेल. तरीही सगळे तिच्याकडेच यायचे, कारण युद्धात तिने काडतुसांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तीन वर्षं काढली होती, आणि तिच्या अंगठ्याला जे कळायचं ते दुसऱ्याला भिंग घेऊनही दिसत नसे.

शहाण्णव सालच्या सप्टेंबरात, एका शनिवारी सकाळी तिच्या अंगणात जी गाडी थांबली ती पाहून मात्र साइमीने हातातली बटाट्यांची बादली खाली ठेवली. गाडी पेंत्ती पाकारिनेनची होती. पस्तीस वर्षांत पाकारिनेनांच्या घरातल्या कुणी या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. दुकानात समोरासमोर आले तरी ते शेल्फावरच्या पिठाकडे बघायचे आणि ती काड्यापेट्यांकडे.

आणि का बघणार नाहीत? एकसष्ट सालच्या ऑक्टोबरात साइमीच्या नवऱ्याच्या, विल्होच्या बंदुकीतून सुटलेल्या गोळीने पेंत्तीचा बाप आर्मास मेला होता. मूस हरणाची शिकार चालली होती. विल्होने मूसवर नेम धरला, घोडा ओढला, आणि नुसतं 'खट्' झालं. काडतूस उडालंच नाही. त्याने नळी खाली घेतली, आणि त्याच क्षणी ते उडालं. आर्मास वीस पावलांवर उभा होता. मांडीची शीर तुटली आणि रस्त्यापर्यंत नेईस्तोवर तो संपला. विल्होने पोलिसांपुढे, कोर्टापुढे, पाद्र्यापुढे, सगळीकडे एकच सांगितलं : काडतूस झोपाळू होतं, उशिरा जागं झालं. त्याचं कुणीच ऐकलं नाही. मंडळाने लष्कराच्या भंगारातून पेट्या आणल्या होत्या, सगळ्यांनी त्याच पेट्यांतली काडतुसं उडवली होती, आणि एकही झोपाळू निघालं नव्हतं. विल्होच्या बंदुकीत उरलेली दोन पोलिसांनी उडवून पाहिली, तीही ठणठणीत निघाली. तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं की विल्होने हलगर्जीपणाने घोड्यावर बोट ठेवलं होतं आणि आता काडतुसावर ढकलतोय.

कोर्टाने त्याला तुरुंगात घातलं नाही, ताकीद देऊन सोडलं. गावाने मात्र सोडलं नाही. गावाला एक नवा शब्द मिळाला होता. बस उशिरा आली की, "झोपाळू निघाली वाटतं." कुणी चर्चला उशिरा पोचला की, "काय रे, झोपाळू होतास का?" शाळेतली पोरंसुद्धा गृहपाठ राहिला की म्हणायची, वही झोपाळू निघाली. विल्होने दुकानात जाणं सोडलं, मंडळाच्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला, जाणं सोडलं, शेवटी बोलणंच सोडलं. एकोणऐंशी साली तो लाकडं फोडता फोडता मेला. त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला शेजारच्या गावातून माणसं आणावी लागली.

तर त्या पाकारिनेनाचा पोरगा आता दारात उभा होता. पोरगा कसला, पन्नाशीला टेकलेला, कानावर केस पांढरे झालेला माणूस. त्याच्या हातात लाकडी पेटी होती आणि मागे टाउनो होता, मंडळाचा अध्यक्ष. हा साइमीच्या शाळेतला, आणि सगळ्या तालुक्यात याच्याएवढं मोठं तोंड दुसरं नव्हतं.

"मालकीणबाई," पेंत्ती म्हणाला. टोपीला त्याने नुसता हात लावला, काढली नाही.

"आत या," साइमी म्हणाली.

"कॉफी टाक साइमी," टाउनो बूट काढता काढता म्हणाला. "या बाबाने सहा किलोमीटरांत तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मी आपला स्वतःशीच बोलत आलो, आणि मलाही कंटाळा आला म्हणजे बघ!"

"तुला? तुझ्या गप्पांचा? मग खरंच कठीण वेळ होती," साइमी म्हणाली आणि किटली चुलीवर ठेवली.

पेंत्तीने पेटी टेबलावर ठेवली. मंडळाची जुनी शेड, जिथे मूस सोलून त्याचे वाटे करायचे, ती त्या आठवड्यात पाडली होती. छपराखाली, फळ्यांच्या मागे ही पेटी निघाली. पन्नास सालच्या लष्करी भंगारातली होती. कुणीतरी कधीतरी ठेवली असणार आणि मग विसरला असणार. पुढच्या आठवड्यात नेमबाजीची परीक्षा होती. ती पास झाल्याशिवाय मूसच्या शिकारीला परवानगी नाही, आणि सरावाला काडतुसं हवी होती.

"मला तुमच्याकडे यायचं नव्हतं," पेंत्ती म्हणाला. "टाउनो ऐकेना. चांगली आहेत की वाईट, एवढं सांगा. आम्ही जातो."

साइमीने पहिलं पुडकं उघडलं. जाड करडा कागद, आत पंधरा काडतुसं. तिने एक उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. पितळेवर हिरवं काही नव्हतं. मानेपाशी, जिथे गोळी बसते तिथे, नखाने चाचपलं. तडा नव्हता. कानाशी नेऊन हलवलं. आतली दारू कोरड्या वाळूसारखी सुळसुळली, म्हणजे गुठळी झाली नव्हती. मग तिने ते उलटं केलं आणि बुडाची ठिणगी देणारी टोपी पाहिली. टोपीभोवती लाखेचं तांबडं कडं अखंड होतं. त्या कड्याचं काम एकच, ओल आत जाऊ न देणं. ओल गेली की काडतूस उडत नाही, किंवा उशिरा उडतं.

"ठीक," ती म्हणाली.

"ऐकलंस?" टाउनोने पेंत्तीला कोपर मारलं. "टाकून-द्या साइमी 'ठीक' म्हणाली! पंचांगात लाल शाईने लिहून ठेवायला पाहिजे."

दुसरं पुडकं ठीक निघालं, तिसरंही. चौथं तिने उघडलं आणि पहिल्याच काडतुसाच्या बुडाशी तिचा अंगठा थांबला. लाखेचं कडं अर्धंच होतं. एका बाजूला तांबडी कोर आणि दुसऱ्या बाजूला उघडं पितळ. दुसरं तसंच होतं. तिसरं बरं होतं. चौथं पुन्हा अर्धं. पुडक्याच्या तळाशी बोटभर चिठ्ठी होती, प्रत्येकात असायची तशी. ती वाचायची साइमीला गरज नव्हती, तरी तिने वाचली. जून १९४४. तपासनीस १७.

सतरा नंबर साइमीचा होता.

तिला तो जून काल घडल्यासारखा आठवत होता. ती एकोणीस वर्षांची होती. तपासणीच्या खोलीत आठ टेबलं होती, आणि एक दिवस दारावर कागद लागला : जूनअखेरच्या जोहान्नुस सणापर्यंत ज्या टेबलावरून सगळ्यात जास्त काडतुसं पुढे जातील त्या टेबलाला खऱ्या कॉफीचं बक्षीस. खऱ्या! चार वर्षं सगळा देश भाजलेलं राय धान्य आणि वाळवलेली मुळं उकळून त्यालाच कॉफी म्हणत होता. साइमीची आई दुपारी रिकामी किटली उघडून नुसता वास घ्यायची. त्या काळात लाख लावणाऱ्या पोरीही घाईत होत्या, त्यांचा ब्रश अर्धाच फिरत होता. साइमीला ते दिसत होतं. अंगठ्याला लागत होतं. नियम साफ होता, कडं अर्धं असेल तर काडतूस डाव्या हाताच्या, बाद मालाच्या पेटीत टाकायचं. तिने ती उजव्या हाताच्या पेटीत टाकली. सगळी नाही, पण खूप टाकली. जोहान्नुसला तिचं टेबल पहिलं आलं. तिच्या वाट्याला अर्धा किलो कॉफी आली, आणि आई पहिल्या घोटाला रडली होती.

"काय झालं?" टाउनोने विचारलं. "अंगठ्याला काटा लागला?"

"काही नाही," साइमी म्हणाली.

तिच्या जिभेवर 'टाकून द्या' आलंच होतं. पस्तीस वर्षं ती तेच म्हणत आली होती. गावाला वाटायचं, काय काटेकोर बाई! काटेकोर कसली? ती घाबरत होती. तेवढा एक शब्द बोलली असती तर पेटी तळ्यात गेली असती, पेंत्ती पुन्हा पिठाकडे बघायला मोकळा झाला असता आणि सतरा नंबरची गोष्ट तिथेच बुडाली असती.

पण टाउनोचं तोंड कधी बंद राहिलंय? "लवकर सांग बाई," तो म्हणाला. "पेंत्तीला घरी जाऊन पुस्तक पुरं करायचंय. मंगळवारी छापखान्यात जायचंय ते."

"कसलं पुस्तक?"

पेंत्ती खुर्चीत अवघडला. "मंडळाला पन्नास वर्षं झाली. त्याचा इतिहास लिहितोय."

"एकसष्ट सालात काय लिहिलंयस?"

"मालकीणबाई, ते जाऊ दे."

"मी विचारतेय. वाच."

पेंत्ती काही वाईट माणूस नव्हता. उगाच कुणाला डिवचणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण बापाच्या बाबतीत मागे हटणाराही नव्हता. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेले कागद काढले, पानं उलटली आणि सपाट आवाजात वाचलं : "'विल्हो टिक्कला यांच्या निष्काळजीपणामुळे सभासद आर्मास पाकारिनेन यांचा शिकारीत मृत्यू झाला.' एवढंच आहे. जास्त काही नाही."

एवढंच. साइमीने मान हलवली. दगडावर नाव कोरतात तसं ते आता छापलं जाणार होतं, गावातल्या प्रत्येक घरात एक प्रत जाणार होती, आणि जे मूल अजून जन्मलंही नाही तेही एक दिवस ते वाचणार होतं. विल्होच्या बाजूने बोलणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस आपल्या स्वयंपाकघरात चिठ्ठी मुठीत दाबून बसलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

"नुसतं बघून सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मारून बघायला हवीत."

टाउनोचा कप तोंडापाशीच थांबला. "तू? मारून बघणार? तू तर न बघता टाकायला सांगतेस!"

"आज मारून बघायची. ही, चौथ्या पुडक्यातली. आणि या चिठ्ठीची अजून जेवढी पुडकी निघतील त्यातली."

अशी आणखी दोन पुडकी निघाली.

मंडळाचं मैदान गावाबाहेर वाळूच्या जुन्या खाणीत होतं. दुपारी तिघेच होते. पेंत्तीने बापाची बंदूक आणली होती, जुनी लष्करीच, दस्ता झिजून काळा पडलेला. साइमीने वाळूच्या पिशव्या स्वतः रचल्या, बंदूक त्यांच्यात अशी बसवली की इकडची तिकडे होणार नाही, आणि टाउनोला हाताला धरून मागे नेलं.

"खट् झालं आणि उडालं नाही," ती पेंत्तीला म्हणाली, "तर हलायचं नाही. बोल्ट मागे ओढून काडतूस काढायचं नाही. मी तीस मोजेन. तीस होईपर्यंत तू दगड आहेस असं समज."

"मला माहीत आहे. लष्करात शिकवतात."

"विल्होलाही शिकवलं होतं. समोरून मूस पळत असताना तीस मोजणारा माणूस मला अजून भेटायचाय."

पेंत्ती बंदुकीमागे आडवा झाला.

पहिली गोळी ठो करून सुटली. दुसरी, तिसरी. वाळूतून धूळ उडत होती, रिकामी पितळं टणटण पडत होती. चौथी. पाचवी. टाउनो म्हणाला, "माल तर चोख दिसतोय बुवा." सहावी, सातवी. साइमी हात कोटाच्या खिशात घालून उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काडतूस वाईट निघावं म्हणून मनोमन विनवत होती. आठवी चोख गेली. नववी चोख गेली. मग तिच्या मनात आलं, काय सांगावं, विल्होचं बोट खरंच घोड्यावर असेल. तो भीतीने खोटं बोलला असेल. माझ्या हातून काही चुकलंच नसेल. आणि हे मनात आल्याबरोबर तिला हलकं वाटलं. मेलेल्या नवऱ्याला खोटं ठरवून तिला हलकं वाटलं! तिने खिशातल्या खिशात स्वतःला चिमटा काढला.

दहाव्याला खट् झालं.

पेंत्ती हलला नाही. साइमीने तोंड उघडलं, "एक—"

"काय रे पेंत्ती," टाउनो हसत म्हणाला, "झोपा—"

ठो!

टाउनोचं तोंड तसंच उघडं राहिलं. खाणीच्या कडेवरून कावळे उडाले. पेंत्तीने हळूच मान वळवून मागे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त पार उतरलेलं होतं.

"पुढचं घाल," साइमी म्हणाली.

अकरावं, बारावं, तेरावं नीट गेलं. चौदाव्याला पुन्हा खट् झालं, आणि या वेळी साइमीच्या तोंडून 'एक' पुरं निघालं, 'दोन'साठी ओठ हलले, तेव्हा ते उडालं. सोळावं तसंच. त्यानंतर पेंत्तीने बोल्ट मागे ओढून ठेवला आणि उठून वाळूत बसला. बंदुकीकडे तो असा बघत होता की जणू तिने त्याला काहीतरी सांगितलं होतं.

"तुम्ही आधी बजावलं नसतं तर," तो म्हणाला, "मी नळी वळवली असती. दहाव्यालाच. माझा हात निघालाच होता."

साइमी वाकून रिकामी पितळं वेचू लागली.

"म्हणजे तो खरं बोलत होता," पेंत्ती म्हणाला.

"हो," साइमी म्हणाली.

"सगळीकडे. शेवटपर्यंत."

"हो."

पेंत्तीने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. चौदा वर्षांच्या पोराने बापाच्या शवपेटीजवळ विल्होचा राग धरला होता, आणि आता पन्नाशीत त्या रागाचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. टाउनो दोन पावलं बाजूला गेला होता. 'झोपाळू' हा शब्द गावात पहिल्यांदा कुणी विनोदाला वापरला ते तिघांनाही ठाऊक होतं. तो हातातली कानटोपी पिळत राहिला.

"मी दुसऱ्याच दिवशी म्हणालो होतो तो शब्द," टाउनो म्हणाला. "आर्मासला पुरायच्याही आधी. लोक हसले म्हणून पुन्हा म्हणालो." त्याने नाक पुसलं. "फार हसायचे लोक."

मग, काहीतरी करायला हवं म्हणून, त्याने गाडीतून स्टोव्ह आणि पाण्याची किटली आणली. या जुन्या काडतुसांच्या टोप्यांत मिठासारखा क्षार असतो. गोळ्या मारल्यावर उकळत्या पाण्याने नळी धुतली नाही तर रात्रीत गंज धरतो. मंडळाची रीतच होती, एकाच किटलीतलं पाणी आधी नळीला आणि मग कॉफीला. एरवी टाउनो त्यावर दरवेळी तोच विनोद करायचा. त्या दिवशी त्याने मुकाट्याने नळी धुतली आणि मुकाट्याने तीन कपांत कॉफी ओतली.

पेंत्तीने खिशातले कागद काढले, पेन काढलं, एकसष्ट सालची ओळ सापडेपर्यंत पानं उलटली आणि ती ओळ खोडली. एकदा नाही, कागद फाटेपर्यंत खोडली.

"काय लिहू?" त्याने विचारलं. "'लष्करी मालातील सदोष काडतुसामुळे'? चालेल? 'विल्होचा काही दोष नव्हता' हेही लिहितो. स्पष्ट."

"लिही," साइमी म्हणाली. "आणि तपासनीस क्रमांक सतरा, हेही लिही."

"जाऊ दे ना आता," टाउनो म्हणाला. "कोण कुठली सतरा नंबर. मेलीही असेल."

"मेलेली नाही. मी आहे."

स्टोव्हचा फरफर आवाज येत होता. साइमीने सगळं सांगितलं. लाखेची अर्धी कडी, डाव्या हाताची पेटी आणि उजव्या हाताची, दारावरचा कागद, अर्धा किलो कॉफी. थांबत नव्हती ती. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता पेंत्ती उठेल, निदान थुंकेल तरी. थुंकला असता तर बरं झालं असतं.

पेंत्ती कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकोणीस वर्षांच्या होतात."

"हो, पण—"

"युद्ध होतं ग," टाउनो म्हणाला. त्याच्या आवाजात माया होती, खरीखुरी. "कुणाला झोप होती तेव्हा? बारा बारा तास काम करायच्या पोरी तुम्ही. आणि कॉफी! माझी आई अर्ध्या किलोसाठी माझा लिलाव करायला तयार झाली असती. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"चूक कुणाकडूनही होते, मालकीणबाई," पेंत्ती म्हणाला. "तुम्ही काही मुद्दाम केलं नाही. माझ्या वडिलांचं... ते युद्धानेच केलं म्हणायचं. मी तुमचं नाव पुस्तकात नाही घालणार."

आणि त्याने हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला. पाकारिनेनाचा हात, पस्तीस वर्षांनी.

एवढं सोपं होतं तर! पाच मिनिटं लागली नव्हती. एकोणीस वर्षांची होतीस, युद्ध होतं, चूक होते, घे कॉफी घे. यातलं एक वाक्य, एकच, कुणी विल्होला म्हटलं असतं तर तो दुकानात गेला असता, सौनाला गेला असता, घरात तोंड उघडून काहीतरी बोलला असता. त्याला अठरा वर्षं एक कप मिळाला नाही, आणि तिला भरलेला कप हातात दिला जात होता. तिला त्यांच्यावर राग आला, स्वतःवर त्याहून जास्त आला, आणि तिने पेंत्तीच्या हाताखालून आपला हात काढून घेतला.

"अजून सांगून झालेलं नाही," ती म्हणाली. "पोलिसांनी विल्होचं पुडकं मागितलं होतं, आठवतं?"

"ते सापडलं नाही," पेंत्ती म्हणाला. "कोर्टात तेच आलं होतं. ते काडतूस कुठल्या पुडक्यातलं होतं हे तो दाखवू शकला नाही."

"तो सांगत होता, कपाटात आहे, दहा काडतुसं शिल्लक आहेत, ती मारून बघा. खरं होतं. कपाटातच होतं. आर्मास गेला त्याच संध्याकाळी मी ते उघडलं आणि तळाची चिठ्ठी पाहिली." तिने कोटाच्या खिशातून मूठ बाहेर काढून उघडली. घामाने ओली झालेली बोटभर चिठ्ठी तिच्या तळहातावर होती. "अशीच होती. हाच नंबर. काडतुसं मी तळ्यात टाकली आणि कागद चुलीत घातला. मला वाटलं, आठवडाभर बोलतील आणि विसरतील. माझं नाव निघालं तर कायमचं निघेल. गावात तेवढी एकच गोष्ट होती माझी, की साइमीच्या हाताखालून वाईट काडतूस जात नाही."

टाउनोने किटली खाली ठेवली. पेंत्तीच्या चेहऱ्यावरची मघाची माया हळूहळू आटत गेली. साइमीने ती आटताना पाहिली आणि नजर हलवली नाही.

"विल्होने शोधलं असेल," पेंत्ती म्हणाला.

"तीन दिवस. कपाट रिकामं केलं, फळ्या काढल्या, माळा उपसला. अंगणातल्या राखेतसुद्धा हात घालून बघितलं."

"आणि तुम्ही? तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

साइमीने कप वाळूत ठेवला. कॉफी तशीच भरलेली होती.

"मीही शोधत होते," ती म्हणाली. "त्याच्याबरोबर. त्याला दिवा धरत होते."